आमच्या बोटीला काही होत नाही

३ फेब्रुवारी

दादा,

कसा आहेस हे विचारत नाही. तू उत्तर देणार नाहीस आणि मला विचारल्याचा पुन्हा राग येईल. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते, "निरोप देते हं" म्हणते, आणि तो निरोप पुढे कुठल्या समुद्रात बुडतो देव जाणे. म्हणून कागद. पाकीट निदान फोडून बघावं लागतं.

कामाचं बोलते. मागच्या सोमवारी सतरा नंबरची बोट रंगकामासाठी वर ओढली. तिचे मूळ मालक वारले, आता एका नव्या जोडप्यानं घेतलीय. दोघं इतकी नवी की त्यांनी मला विचारलं, "ट्रॉलर म्हणतात, मग जाळं कुठे टाकायचं?" म्हटलं, घाट मच्छीमारी बोटीचा आहे, पण आत स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि तुमची हौस आहे, मासे बाजारातून आणा. तर जुना रंग खरवडताना सुकाणूच्या पात्यातून पाणी पाझरत होतं. बोट वर येऊन चार दिवस झाले होते, आणि तरी पाझरत होतं. मी पातं कापायला लावलं. आत दांडा होता, म्हणजे त्यातला जो काही उरला होता तो. वर दिसतो तेवढा चकचकीत, आणि फायबरच्या आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

अकरा वर्षांपूर्वी हिवाळ्यात काम कमी होतं म्हणून आपण बारा सुकाणू एकदम करून ठेवली होती, त्यातलं हे एक. त्यातलं पहिलं सहा वर्षांपूर्वी तुटलं तेव्हा काय झालं ते आपल्या दोघांना पाठ आहे. बाबा सगळ्यांसमोर काय बोलले, तू तोंडावरची वेल्डिंगची ढाल काढून कशी बाकावर ठेवलीस आणि न जेवता कसा गेलास, ते उगाळत बसत नाही. एवढंच सांगते की तुझं वेल्डिंग शाबूत आहे. शिवण जशीच्या तशी आणि शेजारचं स्टील गेलेलं. स्टीलच चुकीच्या जातीचं होतं. ते कसं आलं वगैरे आता कशाला उकरायचं. मला हे परवाच कळलं.

घोडं इथे अडलंय की ती बारा कुठे कुठे लागली ते तुझ्या वहीत आहे, आणि वही तू घेऊन गेलास. काही नव्या बोटींना लागली, काही जुन्यांची बदलली. यार्डच्या कागदांत नुसतं "सुकाणू बसवलं" एवढंच. बाबांच्या एकतीस बोटी पाण्यात आहेत. भर समुद्रात सुकाणू गेलं तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. त्या बोटींत म्हातारी माणसं आहेत, कुणाची नातवंडं आहेत.

नंबर पाठव. नुसते नंबर. खाली सही नसली तरी चालेल.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

नाही पाठवलेस. बरं.

मी एकतीसच्या एकतीस मालकांना पत्र घातलं. सुकाणूत दोष असू शकतो, बोट घेऊन या, तपासू, निघालं तर बदलू, एक पैसा घेणार नाही. माझ्या मते याहून सरळ पत्र कुठल्या यार्डानं कुणाला लिहिलं नसेल. उत्तरं ऐक.

दातांचे डॉक्टर लिहितात: "माझं सुकाणू माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगलं आहे. तपासायचेच असतील तर गुडघे तपासा." वकीलसाहेबांनी दोन पानं पाठवलीत, पहिलंच वाक्य, "सदर नौकेत कोणताही दोष असल्याचे आम्ही अमान्य करतो." अरे, बांधणारी मी सांगतेय दोष आहे, आणि घेणारा म्हणतोय सिद्ध करा! बेकरीवाल्यांनी तर कमाल केली. त्यांच्या बोटीचं चाक वळवलं की खाली टकटक होतं. दोन वर्षं होतंय. पण तो दोष नाही, ती तिची "बोलायची पद्धत" आहे. "तुमच्या बाबांच्या बोटी बोलतात, ताई. दुसऱ्यांच्या नुसत्या आवाज करतात."

आणि आपले कप्तान. आयुष्य विमा कंपनीच्या टेबलामागे गेलं, पण डोक्यावर टोपी चढली की कप्तान. मालकांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते स्वतः आले, खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "तुमचं हे पत्र पलीकडच्या खाडीवाल्यांच्या हाती लागलं तर?" म्हणाले. पलीकडच्या खाडीत त्या दोघा भावांचं यार्ड आहे ना, त्यांचेही मालक असेच, त्यांचंही मंडळ, त्यांच्याही टोप्या. दर उन्हाळ्यात दोन्ही मंडळं एकाच धक्क्यावर येतात आणि एकमेकांच्या बोटींकडे लग्नात दुसरीची साडी बघावी तशी बघतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी म्हटलं, "कप्तान, माणूस बुडाला तर?" तर म्हणे, "आपल्या बोटीतून? कसं शक्य आहे?"

मी हात टेकले.

बाबांना मी आधीच सांगितलं होतं. दांड्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला आणि मला परत दिला. "वेल्डिंग," म्हणाले. बाबा, वेल्डिंग शाबूत आहे, हे बघा. "माझ्या बोटीला काही होत नाही," म्हणाले आणि उतारावरच्या खुर्चीत जाऊन बसले. तुला वाटेल थकलेत म्हणून. मुळीच नाही. सकाळी आठची हजेरी अजून घेतात. तू गेल्यावर सुरू झालं हे, तुला ठाऊक नसेल: आठ वाजता लांब पल्ल्याचा रेडिओ लावायचा आणि एक ते एकतीस नंबर पुकारायचे. जो समुद्रात असेल तो तिथून, जो धक्क्याला असेल तो तिथून "हजर" म्हणतो. न्यायाधीश, डॉक्टर, मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी वाट बघत बसतात. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीत बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "पोरीला कामाचा ताण आहे. तिचं पत्र मनावर घेऊ नका."

पालथ्या घड्यावर पाणी. आणि तुझं मौन वर.


११ मार्च

दादा,

तुला हसायला येईल. निदान आलं पाहिजे.

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणून वाकडं केलं. मागच्या आठवड्यात मी दुसरं पत्र काढलं. दोष, तपासणी, सुकाणू, यातला एक शब्द नाही. लिहिलं: "उस्तादांच्या हातच्या पहिल्या एकतीस बोटींना यार्डतर्फे पितळी मानचिन्ह देण्यात येत आहे. त्यावर बोटीचा क्रमांक कोरलेला असेल. परंपरेनुसार ते सुकाणूच्या पात्यावर, यार्डातच, बोट वर ओढून बसवलं जाईल."

कसली परंपरा? मी मंगळवारी दुपारी निर्माण केली. पितळेचे तुकडे जुन्या खिडक्यांच्या चौकटींचे आहेत.

चार दिवसांत अठ्ठावीस बोटींनी तारखा मागितल्या. जे तीन आठवडे यायला तयार नव्हते ते आता आधी कोण यावर भांडताहेत. वकीलसाहेबांचा फोन आला की त्यांचा नंबर चार आहे तर त्यांना पाचच्या आधी वर ओढलंच पाहिजे, तसा त्यांचा हक्क आहे. कप्ताननी विचारलं, मानचिन्ह पाण्याखाली राहणार, मग लोकांना दिसणार कसं? म्हटलं, कप्तान, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. यावर ते इतके खूश झाले की टोपी काढून माझ्याशी हात मिळवला. "हेच पलीकडच्यांना कधी कळणार नाही," म्हणाले.

मला त्यांची लाज वाटते आणि त्यांच्याबद्दल माया वाटते, आणि दोन्हीचा राग येतो.

उस्ताद म्हटल्यावर बाबांनाही आवडलं. अक्षरं त्यांनीच कोरायला घेतलीत. हात कापतो, पण कोरताना कापत नाही.

मानचिन्हाच्या स्क्रूंसाठी चार भोकं पाडावी लागतात. भोक पाडलं की आतलं कळतं. काळं पाणी आलं तर ते त्या बारांतलं. असा सगळा बेत आहे. तुझ्या वहीवाचून चालणार आहे माझं.


२ एप्रिल

दादा,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं, इतकी चिडलेय मी तुझ्यावर.

आतापर्यंत चोवीस बोटी वर ओढल्या. भोकं पाडली. एकीतूनही काळं पाणी नाही. मला वाटलं मीच वेडी, सतरा नंबर हा एकटाच अपघात. मग डॉक्टरांच्या बोटीवर रंग खरवडताना दांड्याच्या माथ्यावरची शिवण दिसली. मी अंगठ्यानं ती पुसून पाहिली. शेवटाला तू शिवण अर्धं बोट मागे वळवतोस, खड्डा राहू नये म्हणून. यार्डात दुसरा कुणीच तसं करत नव्हता, बाबासुद्धा नाहीत. आणि ती शिवण अकरा वर्षांपूर्वीची नव्हती. दांडाही नवा होता.

मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आकाशाकडे बघत होते.

"ताई," म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे. बाकीच्यांना कळलं तर काय म्हणतील? उस्तादांना तर मुळीच नको." तीन वर्षांपूर्वी त्यांना तुझं पत्र आलं होतं. "तुमच्या सुकाणूचं स्टील खराब आहे. घेऊन या, बदलून देतो. वेल्डिंग माझंच होतं, म्हणून जबाबदारी माझी." एवढंच. ते पत्र त्यांनी पाकिटात घडी घालून ठेवलंय. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? "तुम्हाला सांगणं म्हणजे उस्तादांच्या बोटीत दोष आहे म्हणणं. दुसऱ्या यार्डात नेणं तर त्याहून वाईट. तुमच्या दादांकडे नेली म्हणजे कसं, घरातच राहिलं ना."

मग मी एकेकाला गाठलं. बेकरीवाले. वकीलसाहेब, ज्यांनी दोन पानं भरून दोष अमान्य केला होता! कप्तान, दादा, कप्तानसुद्धा! नऊ जण. नवांपैकी प्रत्येकाला वाटतं की बिघडलेली बोट आपल्या एकट्याचीच होती. प्रत्येकानं दोन दिवस बोट हाकत तुझ्याकडे नेली, मंडळाला सांगितलं "सहज फिरायला जातोय", आणि तुझ्याकडून शब्द घेतला की यार्डात बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि वर माझ्या पत्राला "गुडघे तपासा"! बेकरीवाल्यांचं टकटक मी शोधून काढलं, साखळीची एक कडी सैल आहे. बोलायची पद्धत म्हणे.

आणि तू. नवांना शब्द दिलास आणि नवांचा पाळलास. हरिश्चंद्राचा अवतार! अनोळखी माणसांना पत्रं लिहिलीस, मला एक ओळ नाही. सडलेले नऊ दांडे तुझ्याकडे पडले असतील. त्यातला एक बाबांच्या पुढ्यात टाकला असतास तर तुझ्यावरचा आळ त्याच दिवशी गेला असता. का नाही टाकलास?

ते मला माहीत आहे. ते लिहायला माझा हात धजत नाही, इतकंच.


९ एप्रिल

दादा,

लिहिते.

सगळ्या तीस बोटी पाहून झाल्या. हिशोब सोपा आहे: एक सहा वर्षांपूर्वी तुटलं ते, नऊ तू बदललीस, एक सतरा नंबरचं. अकरा. बारावं आठ नंबरवर आहे. भूगोलाच्या बाई.

बाई मानचिन्हाला आल्या नाहीत. कळवलं की मान पाण्याखाली खिळवून ठेवायचा नसतो, त्यापेक्षा मी जरा फिरून येते. वहिनी फोनवर सांगत होती, तू त्यांनाही पत्र घातलं होतंस आणि त्यांनी त्यावर लाल शाईनं "पुरावा?" लिहून परत पाठवलं. एकट्याच निघाल्यात, वय बाहत्तर. तुमच्या बंदरावरून पुढे जाणार आणि तुमचं बंदर मागे पडलं की तीन दिवस किनारा नाही.

मी त्यांना रेडिओवर गाठलं. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुझे बाबा म्हणतात का?" म्हटलं नाही. "मग मी तुझं कशाला ऐकू? पोरांनी फळ्यावर लिहिलेलं मी वहीत उतरवून घेत नसे. उस्ताद म्हणाले होते हे सुकाणू मला पुरून उरेल." आणि बंद केला. किनाऱ्यावरच्या चौकीला कळवलं. ते म्हणतात बोट तरतेय, चालतेय, मालकीण नको म्हणते, आम्ही काय करणार.

म्हणजे त्यांना बाबाच थांबवू शकतात. आणि बाबा "वेल्डिंग" याच्या पुढे हलत नाहीत. तुझं वेल्डिंग खराब होतं म्हटलं की त्यांची बोट चांगली राहते ना. ती सुकाणू केली त्या वेळी पोराचं लक्ष नव्हतं, वेल्डिंग बिघडलं, संपलं. त्यांना हलवायचं तर एकच गोष्ट उरते, आणि ती माझ्याकडे आहे.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की मला परवाच कळलं. खोटं. मला सहा वर्षं माहीत आहे. स्टील मी मागवलं होतं. नवीन नवीन खरेदीचं काम माझ्याकडे आलं होतं. आपल्या जातीचं तीन आठवड्यांनी मिळणार होतं आणि हे दुसरं शुक्रवारी हजर होतं. दिसायला सारखंच, तेवढंच चकचकीत. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, पोरीला काय कळतं. म्हणून विचारलं नाही. पहिलं सुकाणू तुटलं आणि तू म्हणालास, "स्टीलची पावती काढ," तेव्हा मी कपाटापाशी गेले, पावती पाहिली, आणि तिथेच फाडली. बाहेर येऊन म्हटलं, सापडत नाही.

तू माझ्याकडे बघत उभा राहिलास. मला वाटलं, तू आता बोलशील. तू ढाल काढून ठेवलीस.

तुला तेव्हाच कळलं होतं ना?

उद्या सकाळी बाबांना सांगते. वहिनीला फोनवर सांगितलंय की आठ नंबर दिसली तर धक्क्यावर उभे राहा, हातवारे करा, काय वाटेल ते करा. या वेळचा निरोप बुडवू नका म्हणावं.


१० एप्रिल

दादा,

सांगितलं.

पावणेआठ वाजले होते. बाबा रेडिओच्या खोलीत पेन्सिलीला टोक करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं बोलले, तुला लिहिलं त्याच शब्दांत, कारण दुसरे सापडले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "पावती?"

"फाडली."

"कधी?"

"दादानं मागितली त्याच दिवशी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आठ नंबर आज कुठे असेल?" म्हणाले. मी नकाशावर दाखवलं. तुमचं बंदर चार तासांवर.

आठ वाजले. त्यांनी एकपासून सुरुवात केली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आठ नंबर. बाई, आहात?"

"हजर."

"बाई, सुकाणूत दोष आहे. पुढच्या बंदरात आत घ्या. मोठ्या पाण्यात जाऊ नका."

"कुणाच्या सुकाणूत?"

"माझ्या."

दादा, त्यानंतर रेडिओवर नुसती खरखर. बाबांनी पुन्हा बटण दाबलं. मग ते म्हणाले, "वेल्डिंग पोरानं चांगलं केलं होतं. स्टील खराब होतं. माती आमच्या यार्डानं खाल्ली, आळ त्याच्यावर घेतला मी. सगळे ऐकताय ना?"

कप्तानचा आवाज आला. "उस्ताद, हवामान खराब आहे. तुमचं नीट ऐकू आलं नाही." लगेच डॉक्टर: "हो, इकडेही काहीच ऐकू आलं नाही." बेकरीवाल्यांचाही रेडिओ बिघडला, वकीलसाहेबांचाही. लख्ख ऊन पडलं होतं बाहेर. बाकीच्या तीस बोटींपैकी एकीलाही ऐकू गेलं नाही!

फक्त बाईंना ऐकू गेलं. म्हणाल्या, "मला ऐकू आलं, उस्ताद. आत घेते."

बाबांनी मग एकपासून हजेरी घेतली. माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत.


१४ एप्रिल

दादा,

तू तिकडून फक्त आवाज ऐकलास. इकडे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय.

आज सकाळच्या हजेरीत बाबांनी "आठ नंबर" म्हटलं आणि "हजर" आलं, पण तो आवाज बाईंचा नव्हता. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तुला रेडिओत बसवलं. मग विचारलं, "कोण बोलतंय?" हे त्यांना ठाऊक नव्हतं असं तू समजू नकोस.

तू म्हणालास, "सुकाणू बदललं. जुनं चार बोटं चिरलं होतं, दोन दिवस टिकलं नसतं. दांडा नवा, स्टील तपासून घेतलंय."

"वेल्डिंग कुणाचं?"

"माझं."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "नऊ नंबर."

नऊ नंबर दातांचे डॉक्टर. त्यांना "हजर" म्हणायला अर्धं मिनिट लागलं. तुला वाटलं असेल रेडिओ बंद पडला. तसं नव्हतं, एकतीस जणांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि हे यार्डाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं.

बाबा रडले वगैरे नाहीत. गोड करून सांगत नाही. एकतीस नंबर झाले, रेडिओ बंद केला, वही मिटली. जिन्यावरून उतरताना चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "त्याचा आवाज जाड झालाय. सिगारेट ओढतो का?"

ओढत असशील तर सोड. ते तुझ्याकडे यायचं म्हणताहेत. बसचं तिकीट स्वतः जाऊन काढलं, मला दाखवलंही नाही.


२७ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तुझ्या अक्षरात माझं नाव पाहिलं, पोस्टमनसमोरच उलटं करून वाचलं, आणि त्यावर दोन शब्द: "जाऊ दे."

जाऊ दे?

आता माझं ऐकून घे. बाईंची बोट वाचली, ठीक. तरी मला स्वस्थ बसवेना, म्हणून मी पुन्हा एकतीस पत्रं लिहिली. या वेळी लपवाछपवी नाही, मानचिन्ह नाही. स्टील मी मागवलं, न विचारता मागवलं, पावती मी फाडली, माझा भाऊ निर्दोष असताना मी मूग गिळून गप्प बसले. खाली माझी सही.

तेवीस उत्तरं आलीत. डॉक्टर म्हणतात, "ताई, तुम्ही हळव्या आहात, विश्रांती घ्या." वकीलसाहेब माझा कबुलीजबाब अमान्य करतात. पुराव्याअभावी! पावती मीच फाडली ना. बेकरीवाल्यांनी एक केक पाठवला. कप्ताननी मंडळात ठरावच करून घेतला की स्टील विकणाऱ्यानं उस्तादांच्या मुलीची फसवणूक केली. तो बिचारा म्हातारा तर अजून बाजारात बसतो, त्यानं मी मागितलं तेच दिलं होतं. मी मंडळात उभी राहून हे ओरडून सांगितलं. कप्तान प्रेमानं म्हणाले, "आपल्या यार्डात अशी चूक होऊच शकत नाही."

बाबाही त्यांच्यातलेच. काल पिशवी भरताना मला म्हणाले, "तुझी नजर चुकली असेल. लहान होतीस." मी म्हटलं, बाबा, बावीस वर्षांची होते. दादा तेव्हा सव्वीसचा होता, आणि त्याची चूक मानायला तुम्हाला एक मिनिटही लागलं नव्हतं. त्यांनी पिशवीची चेन लावली.

असं आहे बघ. तुझी नसलेली चूक भर यार्डात सगळ्यांनी हातोहात घेतली. माझी असलेली मी दारोदार घेऊन फिरतेय, कुणी घ्यायला तयार नाही. एकतीस माणसं आणि एक बाप मिळून मला इतकं माफ करताहेत की माझा जीव गुदमरतोय. आणि आता तू. जाऊ दे!

नाही जाऊ द्यायचं. सहा वर्षं तू गेलास. त्या सहा वर्षांत मी इथे तुझ्या जागेवर बसले, बाबांच्या शेजारी जेवले, लोकांनी मला "ताई" म्हटलं. मी "सापडत नाही" म्हटलं आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मी खाली बघितलं होतं. मुद्दाम बघितलं होतं. हे तुला ठाऊक आहे, आणि सगळ्या जगात तुला एकट्यालाच ठाऊक आहे.

बाबा गुरुवारी दुपारच्या बसनं पोचतील. त्यांना उतरवून घे, पायऱ्या उंच असतात. ते तुझ्या शिवणीत खोड काढतील, काढू दे. आणि ते झोपले की बस, कागद घे आणि मला नीट पत्र लिही. कार्ड नको, पत्र. तुझ्या मनात सहा वर्षं जे जे साठलंय ते सगळं लिही. एकही शब्द सौम्य करू नकोस. आधी माझ्यावर रागाव, पोटभर रागाव, आणि मग घरी ये. याच क्रमानं.

तुझी धाकटी